पोट बिघडलेल्या कुत्र्यासाठी वाफवलेली चिकन-भात वडी

कुत्र्याचं पोट बिघडलं की घरातल्या प्रत्येकाला त्याला काहीतरी भरवावंसं वाटतं. तो कोपऱ्यात गप्प पडून असतो, नेहमीच्या दाण्यांना तोंड लावत नाही. मग कुणी दूध-पोळी कुस्करून ठेवतं, कुणी ग्लुकोजचं बिस्किट पुढे करतं, कुणी पोटाला थंड म्हणून वाटीभर दही. सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं, पण एका दिवसात थांबले असते ते जुलाब तीन-चार दिवस लांबतात ते बऱ्याचदा याच खाऊमुळे. दुधातली साखर पचवायला लागणारं एन्झाइम मोठ्या कुत्र्यांत कमी असतं, बिस्किटात साखर, मैदा आणि तेल असतं, आणि सुजलेल्या आतड्याला यातलं काहीच झेपत नाही.

अशा दिवसांत खाऊ द्यायचाच नाही असं मात्र नाही. फक्त तो पथ्याचाच एक तुकडा असावा. ज्या पातेल्यात त्याचा भात आणि चिकन शिजतंय, त्यातूनच खाऊ निघाला पाहिजे. त्यात नवा जिन्नस नको आणि तो जेवणावर जादाही नको. कोथिंबीर वडीसारखी थाळीत वाफवलेली वडी यासाठी फार सोयीची पडते. तेल लागत नाही, ओव्हन लागत नाही, तुकडे एकसारखे पडतात आणि किती दिलं ते मोजता येतं.

स्वयंपाकाआधी कुत्र्याकडे बघा

एक-दोनदा पातळ शी झाली, पण कुत्रा पाणी पितोय, हाक मारली की शेपूट हलवतोय, फिरायला उठतोय, तर घरचं पथ्य एक-दोन दिवस करून बघायला हरकत नाही. शी काळी आणि चिकट असेल, तिच्यात बरंच रक्त असेल, दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या असतील, प्यायलेलं पाणीही बाहेर येत असेल किंवा कुत्रा मलूल पडला असेल, तर मात्र गॅस पेटवू नका, डॉक्टरांना फोन करा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. हात लावून ताप कळत नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावूनच बघावं लागतं आणि १०३ च्या वर गेलं तर दवाखाना.

पोट फुगलंय, कुत्रा उलटी काढायचा जीव तोडून प्रयत्न करतोय आणि बाहेर काहीच येत नाही, हे सर्वांत धोक्याचं. जठराला पीळ पडल्याची ही खूण असते, आणि त्यात सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला जुलाब-उलट्या लागल्या तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका आधी धरायची, पथ्याचा विचार नंतर. पावसाळ्यात गोचीड अंगावर सापडली असेल तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या. डबक्यातलं पाणी पिणाऱ्या कुत्र्याला जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी होऊ शकतो आणि तो चिकन-भाताने जात नाही. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो; त्याचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.

शरीरातलं पाणी कमी झालंय का हे घरी बघता येतं. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा, आणि हिरडी ओलसर, बुळबुळीत लागायला हवी. चिकट लागली, किंवा खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर सलाइनची गरज असू शकते.

शी कशी आहे हेही नीट बघा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. थोडी-थोडी, वरचेवर, कुंथून, शेंबडासारखी आव पडत असेल तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात असतो. अशा वेळी भोपळ्यातला तंतू चांगला उपयोगी पडतो. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर, पाण्यासारखी होत असेल तर लहान आतडं, आणि तिथे भोपळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. फोटो काढून ठेवा. किळस वाटली तरी डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा एक फोटो जास्त सांगतो.

उपाशी ठेवण्याबद्दल दोन शब्द. पूर्वी सरसकट चोवीस तास उपास सांगत. नुसते जुलाब असतील, उलटी नसेल, तर आता तसं सांगत नाहीत, कारण आतड्याच्या अस्तराला सावरायला थोडं अन्न पोटात लागतंच. उलटी झाली असेल तर सहा ते बारा तास पोटाला विश्रांती द्यावी आणि मग सुपारीएवढ्या घासाने सुरुवात करावी. पिल्लं आणि अगदी छोट्या जातींना मात्र उपाशी ठेवायचं नाही. त्यांची रक्तातली साखर पटकन उतरते.

वडीचं साहित्य

२०० ग्रॅम बोनलेस चिकन ब्रेस्ट, कातडी आणि पिवळी चरबी काढून. अर्धी वाटी पांढरा तांदूळ, म्हणजे साधारण ९० ग्रॅम. साल आणि बिया काढलेला १०० ग्रॅम लाल भोपळा. एका अंड्याचं फक्त पांढरं. लागलंच तर दोन टेबलस्पून तांदळाचं पीठ. मीठ, हळद, आलं, हिंग, जिरं, तूप, तेल यातलं काहीही नाही.

तांदूळ इंद्रायणी किंवा आंबेमोहर असेल तर उत्तम, कारण तो चिकट होतो आणि वडी धरून राहते. कोलम किंवा बासमती चालतो, पण मग पीठ घालावं लागतं. हातसडीचा किंवा ब्राऊन राइस नको. एरवी तो चांगला असेल, पण आत्ता त्यातला कोंडा पचायला जड. भोपळा चिरल्यावर कच्च्या फोडीचा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर सगळा टाकून द्या. कडू भोपळ्याने माणसांनाही उलट्या-जुलाब होतात.

कृती

चिकनचे इंचभर तुकडे करून बुडतील एवढ्या पाण्यात, दोन कपांच्या आसपास, ठेवा. उकळी आली की आच बारीक करून १२ ते १५ मिनिटं शिजू द्या. सगळ्यात मोठा तुकडा मधोमध कापून बघा, आत गुलाबी राहता कामा नये. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस हवं. तुकडे बाहेर काढा, पाणी गाळून फ्रिजमध्ये ठेवा. ते पुढे लागणार आहे.

तांदूळ दोन पाण्यांनी धुऊन तिप्पट पाण्यात कुकरला लावा, चार शिट्ट्या. आपल्याला मोकळा भात नको, गुरगुट्या हवा. गरम असतानाच डावाच्या पाठीने घोटा. गार झाल्यावर घोटला तर गुठळ्या राहतात आणि वडी नेमकी तिथेच फुटते.

भोपळा वाफवून कुस्करा आणि कोरड्या कढईत चार-पाच मिनिटं परता. ही पायरी टाळू नका. वाफवलेल्या भोपळ्यात पाणी फार असतं. ते आटवलं नाही तर थाळी कितीही वेळ वाफवा, मध्ये लगदाच राहतो. आटून साधारण चार टेबलस्पून गर उरायला हवा.

चिकन मिक्सरमध्ये थांबून-थांबून तीन-चारदा फिरवा. खिम्यासारखं रवाळ हवं, पेस्ट नको. पेस्ट झाली की वडी रबरासारखी होते. आणि इथे मिक्सरच्या भांड्याबद्दल एक अगदी महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरात ज्या भांड्यात कांदा-लसणाचं वाटण होतं तेच भांडं सगळ्याला वापरतात. नुसतं विसळून घेतलं तरी पात्याखाली आणि झाकणाच्या रबरी रिंगेत वाटण अडकलेलं असतं. रिंग काढून हुंगून बघा, लगेच कळेल. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, पूड केलेला, सगळ्या रूपांत. वेगळं भांडं नसेल तर रिंग काढून साबणाने धुवा, नाहीतर चिकन सरळ सुरीने बारीक चिरा. पाच मिनिटं जास्त जातात, एवढंच.

आता भात, चिकन आणि भोपळा एकत्र मळा. मिश्रण कोमट झालं की अंड्याचं पांढरं घाला. गरमात घातलं तर ते तिथेच शिजतं आणि बांधायचं काम करत नाही. गोळा मुठीत दाबून बघा. बोटांच्या फटीतून बाहेर आलं तर पीठ घाला, आधी एक चमचा, मग बघून दुसरा. अंड्याची ॲलर्जी असेल तर पांढरं वगळून पीठ तीन चमचे करा.

मोदकपात्रात बसेल अशी ८ इंची थाळी घ्या. पात्र लहान असेल तर दोन छोट्या ताटल्या. थाळीला तुपाऐवजी चिकनच्या पाण्याचा हात लावा. मिश्रण दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचं थापा, ओल्या वाटीच्या बुडाने वरून सारखं करा. पात्रातल्या पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच थाळी आत ठेवा, झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी वडीवर ठिबकणार नाही, आणि २० मिनिटं वाफवा. मधोमध सुरी खुपसली तर स्वच्छ बाहेर यायला हवी. बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. वडी गरम असताना कापली की चुरा होणारच. शक्य असेल तर तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि मग दोन सेंटिमीटरच्या चौकोनी वड्या पाडा. या मापात सत्तरच्या आसपास वड्या होतात, आणि एकीत आठ-नऊ कॅलरी पडतात. सात-आठ किलोच्या आतल्या कुत्र्यासाठी प्रत्येक वडीचे चार तुकडे करा.

वड्या फ्रिजमध्ये बंद डब्यात दोन, फार तर तीन दिवस. जास्त केल्या असतील तर ताटात सुट्या पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा, महिनाभर राहतात. शिजवलेला भात ओट्यावर तासन् तास ठेवू नका. त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि त्याने उलटी करणारं जे विष तयार केलेलं असतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर गार झाल्यावर लगेच फ्रिज. देताना वडी कोमट करून द्या. गार अन्नाला वास कमी येतो, आणि मळमळत असलेला कुत्रा वासावरच ठरवतो.

किती द्यायच्या

आजारात, फारशी हालचाल नसताना, ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २३५ कॅलरी, १० किलोच्याला ४०० आणि २० किलोच्याला ६६० लागतात. हे पाच-सहा वेळांत वाटून द्यायचं. म्हणजे १० किलोच्या बीगलला एका वेळी आठ-दहा वड्या हेच त्याचं जेवण झालं. मोठ्या कुत्र्याला तेवढ्या वड्या थापत बसण्यापेक्षा एक भाग चिकनला दोन भाग गुरगुट्या भात असं पातेल्यातूनच द्या, आणि वड्या खाऊसाठी ठेवा. खाऊ म्हणून दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नका, १० किलोला चार-पाच वड्या, आणि तेवढं जेवणातून वजा करा. घरात चार माणसं असतील तर दिवसाचा वाटा सकाळीच एका डबीत काढून ठेवा. डबी रिकामी झाली की कुणीच द्यायचं नाही. नाहीतर आजी एक देते, मुलं दोन देतात, आणि संध्याकाळी पुन्हा पातळ शी.

भोपळा गुणकारी म्हणून वाढवायचा मोह होतो, तो आवरा. त्यातला विरघळणारा तंतू पाणी धरून ठेवतो म्हणून शी घट्ट होते, पण जास्त झाला तर उलट शी सैल होते आणि गॅस धरतो. वेगळा द्यायचाच असेल तर छोट्या कुत्र्याला दिवसाला एक छोटा चमचा, १० किलोला एक टेबलस्पून, मोठ्याला दोन-तीन, एवढाच. इसबगोलही मोठ्या आतड्याच्या जुलाबात वापरतात, पण माप डॉक्टरांकडून घ्या आणि कोरडं कधीच देऊ नका. चवीचं, गोड इसबगोल तर नकोच.

डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर वडीला चीर पाडून तिच्यात ती दडवता येते. पहिली वडी साधी द्या, दुसरी गोळीची, आणि ती गिळेपर्यंत तिसरी त्याच्या नाकासमोर धरून ठेवा. पुढची मिळणार या घाईत तो दुसरी चावत नाही. मेट्रोनिडाझोल फार कडू असतं, ते मोडून घालू नका, अख्खंच दडवा. आपल्या डब्यातली जुलाबाची, तापाची, अंगदुखीची गोळी मात्र कधीही नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात.

पाणी न पिणाऱ्यासाठी सूपचे गोळे

फ्रिजमध्ये ठेवलेल्या चिकनच्या पाण्यावर दोन-तीन तासांत चरबीचा पातळ थर जमतो. तो चमच्याने काढून टाका. चरबी स्वादुपिंडाला त्रास देते, आणि स्वादुपिंडाला सूज आली की नुसत्या जुलाबाचं मोठं दुखणं होतं. उरलेल्या सूपमध्ये तेवढंच साधं पाणी मिसळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक गोळा भांड्यात ठेवला की कुत्रा चाटत बसतो आणि पाणी हळूहळू पोटात जातं. भांडंभर पाणी एकदम ढोसून पुन्हा ओकणाऱ्यांना ही पद्धत विशेष मानवते. छोट्या कुत्र्याला गोळा फोडून द्या. बाजारातल्या सूपच्या वड्या आणि पावडरी यासाठी वापरू नका. त्यांत मीठ भरपूर आणि कांदा-लसणाची पूड असते. ओआरएस द्यायला डॉक्टरांनी सांगितलं तर डब्ल्यूएचओच्या सूत्राची साधी पुडी घ्या, फळांच्या चवीचं तयार पेय नको.

चिकन चालत नसेल तर

चिकनची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला काटे नसलेलं बासा तेवढ्याच वजनाचं उकडून घाला. बोटांनी चुरून काटा उरला नाही याची खात्री करा. मांस न शिजवणाऱ्या घरात चार अंड्यांचं उकडलेलं पांढरं किंवा साय काढलेल्या गाईच्या दुधाचं घरचं पनीर १५० ग्रॅम. दूध फाडल्यावर पनीर पाण्याखाली धुऊन घट्ट पिळा, म्हणजे दुधातली साखर बरीचशी निघून जाते. म्हशीच्या दुधाचं पनीर या दिवसांत फार स्निग्ध. मुगाची खिचडी पुष्कळजण देतात; मूग इतर डाळींपेक्षा हलका असला तरी कडधान्यातल्या शर्करा गॅस धरतात, म्हणून पहिले दोन दिवस नकोच, आणि तिसऱ्या दिवशी दिली तरी फोडणीशिवाय.

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांसाठीही याच वड्या उपयोगी पडतात. कागदावर ठेवून द्या, पिशवीतून नाही. वास लागलेली प्लास्टिकची पिशवीही ते गिळतात.

शी घट्ट व्हायला लागली की

दिवसभर शी बांधलेली आली की नेहमीचं खाणं परत सुरू करा, पण एकदम नाही. पहिल्या दिवशी पाव भाग जुनं खाणं आणि पाऊण भाग पथ्य, दुसऱ्या दिवशी निम्मं-निम्मं, तिसऱ्या दिवशी पाऊण भाग जुनं, चौथ्या दिवशी पूर्ण. मध्येच शी सैल झाली तर एक पायरी मागे या. चिकन-भातावर आठवडाभर ठेवू नका. त्यात कॅल्शियम आणि बरीच जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. दोन दिवसांत काहीच फरक नसेल तर पथ्य चालू ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही, शीचा नमुना घेऊन दवाखान्यात जा.

या टप्प्यावर बिनसाखरेचं, ताजं दही १० किलोच्या कुत्र्याला एक चमचा देऊन बघता येतं. आणि कुरकुरीत खाऊ हवा असेल तर तांदळाची बिस्किटं करा. त्यासाठी मोदकाला काढतो तशी उकड काढायची: १०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम आटवलेला भोपळ्याचा गर घालून उकळा, १०० ग्रॅम तांदळाची पिठी घालून ढवळा, झाकण ठेवून दोन वाफा आणा. कच्च्या पिठीची बिस्किटं थेट भाजली तर ती लाटताना चिरतात आणि स्टार्चही अर्धवट शिजतो. उकडीत दोन्ही अडचणी राहत नाहीत. गरम असतानाच मळून तीन मिलिमीटर जाड लाटा, बाटलीच्या झाकणाने गोल कापा, काट्याने टोचे मारा. ओव्हनमध्ये १६० अंशांवर २५ मिनिटं भाजा आणि बंद ओव्हनमध्ये अर्धा तास तशीच राहू द्या. कढईत भाजायची असतील तर तळाला मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. बोटांनी कटकन मोडलं पाहिजे. जाड झालं तर दगडासारखं होतं आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांना त्रास होतो. तसं झालंच तर सूपमध्ये भिजवून द्या. कोरड्या बरणीत आठवडाभर टिकतात, पावसाळ्यात बरणी फ्रिजमध्येच ठेवा, आणि एखादं बिस्किट मऊ लागलं तर बाकीची हुंगून, दोन्ही बाजूंनी बुरशी बघून मगच वापरा.